दोन खात्यांच्या मधला अंधार : नवी मुंबईत वस्तीच्या सुरक्षेचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

स्टेशनातून आमच्या सेक्टरकडे येणारा रस्ता चारशे पावलांचा आहे. पहिली शंभर पावलं लख्ख उजेडात. मग उजव्या हाताला मोकळा भूखंड, डाव्या हाताला नाला, फुटपाथवर एक दांडगं झाड आणि त्या झाडाच्या फांद्यांत बुडालेला दिव्याचा खांब. दिवा रोज लागायचा, पण उजेड पानांवरच पडायचा, खाली अंधारच. याच जागी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मूठ उघडून मला दाखवली. चार काळे मणी आणि एक वाटी, तेवढंच हातात राहिलं होतं.

मी तेव्हा सोसायटीची नवी सेक्रेटरी होते. तिरीमिरीत पाच कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. एकीकडे कळलं की दिवा आमचा आहे, पण झाडाला हात लावायचा अधिकार आमचा नाही. दुसरीकडे, फांद्या छाटू, पण आधी परवानगी लागेल. भूखंडावरचं रान तिसऱ्यांचं, सबवे चौथ्यांचा. पोलीस म्हणाले, गस्त घालतो मॅडम, पण तिथे बॅटरीशिवाय काही दिसत नाही. यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. आपापल्या हद्दीपुरतं प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं आणि चोरी झाली ती जागा या सगळ्या हद्दींच्या मधे होती.

ब्रिटनमध्ये 1998 च्या कायद्याने पोलीस आणि स्थानिक पालिका यांना एकत्र बसून गुन्हे कमी करण्याची योजना आखणं बंधनकारक केलं. आपल्याकडे वस्तीच्या पातळीवर असं एक टेबल आयतं मांडून मिळत नाही. ते मांडावं लागतं, आणि सोसायटीचा पदाधिकारी, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ यांतलं कोणीही ते मांडू शकतं. या नऊ वर्षांत मी जे शिकले ते नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिली पायरी : जागा कोणाची, ते आधी शोधा

नवी मुंबईत नवा माणूस इथेच अडखळतो. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि तिने हे शहर नोड, म्हणजे वेगवेगळ्या उपनगरांचे भाग, पाडून वसवलं. 1 जानेवारी 1992 ला नवी मुंबई महानगरपालिका आली. दिघा ते बेलापूर हा पट्टा तिच्याकडे आहे, आणि दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली इथली माणसं स्वतःला नवी मुंबईकरच म्हणवतात, पण त्यांची महापालिका पनवेलची, 2016 साली झालेली. उलवे आणि द्रोणागिरीत अजून सिडकोकडेच जावं लागतं. पोलीस आयुक्तालय मात्र या सगळ्यांचं एकच आहे. त्यात जिल्हेही दोन येतात. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, पनवेल-खारघर रायगड जिल्ह्यात. बाल कल्याण समिती किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाशी काम पडलं की हा फरक एकदम अंगावर येतो. खारघरची बाई ठाण्याला जाऊन दिवस घालवून परत आल्याचं मी पाहिलं आहे.

पालिका कळली म्हणजे मालक कळला असंही नाही. रस्त्यावरचा दिवा पालिकेचा असला तरी त्याला येणारी वीज महावितरणची. न विकला गेलेला भूखंड बहुधा सिडकोचा. शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणून त्याच्या पुलाखालच्या कोपऱ्यांसाठी त्यांनाही धरावं लागतं. खाडीकाठच्या तिवरांत वन विभागाचा कांदळवन कक्ष येतो. कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी, बाजार आवारात बाजार समिती. इथल्या रेल्वे स्टेशनांच्या इमारती सिडकोने उभारल्या, गाड्या रेल्वेच्या, फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण रेल्वे सुरक्षा दलाकडे, आणि स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर आलात की शहर पोलीस. जिना उतरेपर्यंत हद्द बदललेली असते.

तेव्हा पहिल्या आठवड्यात पत्र लिहू नका. एक वही घ्या, तुमच्या सोसायटीपासून चारही बाजूंना दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात जे जे आहे त्याचा हाताने कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक गोष्टीपुढे मालकाचं नाव लिहा. जिथे नाव सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. ही प्रश्नचिन्हं जपून ठेवा, पुढचं काम त्यांच्याभोवतीच आहे. विचारून उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करा. अमुक जागेच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे आहे, एवढाच प्रश्न. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी योग्य कार्यालयाकडे वर्ग करण्याची तरतूद कायद्यातच आहे.

दुसरी पायरी : रात्री चाला

दुपारी बारा वाजता कुठलीही जागा सुरक्षितच दिसते. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, आणि एकदा तरी शेवटच्या गाड्यांच्या वेळी, तोच नकाशा हातात घेऊन चाला. एकट्याने नको. एक कॉलेजची मुलगी, एक काठी टेकत चालणारे आजोबा आणि रात्रपाळीहून येणारा एखादा माणूस बरोबर घ्या. मला जिथे काहीच वाटलं नाही तिथे आमच्या विंगमधली मुलगी थबकली. म्हणाली, "काकू, इथे मी रोज फोनवर बोलायचं नाटक करते." कोणाशी बोलायचं असतं म्हणून नव्हे, मागून येणाऱ्याला वाटावं की ही एकटी नाही, म्हणून. मी ती जागा नकाशावर लाल पेनने गोल केली. कोणत्याही तक्रार अर्जात तिची नोंद नव्हती.

चालताना काय टिपायचं? बंद दिव्याच्या खांबावरचा रंगाने लिहिलेला क्रमांक. हा फार महत्त्वाचा, कारण "चौकातला दिवा बंद आहे" या तक्रारीवर वायरमन चौकात येतो, त्याला चार खांब दिसतात, तीन चालू असतात आणि तो परत जातो. खांब क्रमांक दिलात की त्याच खांबापाशी येतो. मग तुटलेलं कुंपण, माणूस लपेल एवढं वाढलेलं रान, महिनोन्‌महिने धूळ खात उभी असलेली बेवारस वाहनं, बंद पडलेला कॅमेरा, फुटपाथ संपून माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं तो तुकडा. फोटो काढाल तर रात्रीच काढा.

तिसरी पायरी : पोलीस ठाण्याशी ओळख, आणि नोंदीचा आग्रह

आपल्या हद्दीचं पोलीस ठाणं कोणतं ते नीट विचारून घ्या, सेक्टरच्या नावावरून अंदाज बांधू नका. तिथे तीन माणसांची ओळख असावी : वरिष्ठ पोलीस निरीक्षक, तुमच्या भागाचा बीट अंमलदार आणि गोपनीय शाखेचा अंमलदार. रोजच्या उपयोगाचा बीट अंमलदार, कारण गल्ली न्‌ गल्ली त्याला पाठ असते. पहिल्या भेटीत तक्रारींची जंत्री वाचू नका. नकाशा दाखवा आणि विचारा, "साहेब, तुमच्या नजरेने या भागातल्या वाईट जागा कोणत्या?" आमच्या अंमलदारांनी दोन जागा दाखवल्या. आम्ही तिथून रोज जात होतो, पण कधी लक्षात आल्या नव्हत्या.

आता थोडं तळमळीने सांगते. आपल्याकडे भल्या घरची माणसं तक्रार नोंदवत नाहीत. मोबाईल गेला, जाऊ दे. साखळी गेली, कोर्टकचेरी कोण करणार? मोबाईल हिसकावला गेला तरी ठाण्यात जाऊन "गहाळ झाला" असं लिहून देतात, कारण सिमकार्ड परत मिळवायला तेवढा कागद पुरतो. पण गहाळ म्हणजे तुमच्या हातून पडला. तो गुन्हा नाही. मग त्या कोपऱ्यावर वर्षात सहा मोबाईल हिसकावले गेले तरी कागदावर तिथे काहीच घडलेलं नसतं, आणि जिथे काही घडत नाही तिथे गस्त वाढवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? चोरी झाली असेल तर चोरी, हिसकावलं असेल तर हिसकावलं, असंच लिहून द्या.

कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कोणाची हा वाद फिर्याद घेतल्यावर. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. चालत्या लोकलमधला गुन्हा असेल तर हे विशेष उपयोगी पडतं. ऑनलाइन पाठवलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर त्याच कलमात वरिष्ठांकडे, म्हणजे इथे परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवायची वाट आहे, आणि त्यापुढे न्यायदंडाधिकारी.

घटना घडत असताना ओळखीच्या हवालदाराला फोन लावत बसू नका. 112 लावा. त्या फोनची नोंद होते, जवळची गाडी पाठवली जाते, आणि पुढे कधी "इथे वारंवार बोलावावं लागतं" हे सांगायला ती नोंद कामी येते. रेल्वेत असाल तर 139 किंवा लोहमार्ग पोलिसांचा 1512.

चौथी पायरी : एकच पत्र, सगळ्यांना

हेच काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात परिणामकारक. पहिल्या वर्षी मी पाच खात्यांना पाच वेगळी पत्रं दिली. पाचही जणांनी आपापल्या कपाटात ठेवली. दुसऱ्या वर्षी एका शेजारी निवृत्त कारकुनांनी मला बसवून शिकवलं : पत्र एकच लिहायचं, विभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, आणि खाली "प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी" म्हणून बाकी सगळ्यांची नावं. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा, पालिकेचा विद्युत विभाग, उद्यान विभाग, सिडको, महावितरण, गरज असेल तर लोहमार्ग पोलीस. म्हणजे प्रत्येकाला दिसतं की हे पत्र आणखी कोणाकोणाच्या टेबलावर आहे. त्या एका ओळीने जे घडलं ते पाच पत्रांनी घडलं नव्हतं.

विषयाची ओळ मोघम नको. "परिसरातील असुरक्षिततेबाबत" असं लिहिलं तर कोणीही पुढे वाचत नाही. "सेक्टर अमुक, स्टेशन सबवे ते नाल्यापर्यंतच्या रस्त्यावरील खांब क्र. अमुक ते अमुक येथील अंधार व घडलेल्या चोऱ्या, संयुक्त पाहणीबाबत" असं लिहा. आत घटना तारखेसह, एफआयआर झाला असेल तर त्याचा क्रमांक. पीडित बाईचं नाव मात्र घालू नका. ज्यांच्या त्यांच्या हद्दीतलं काम त्यांच्या त्यांच्या नावापुढे एकेका ओळीत. पत्र दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका.

प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोहोच म्हणजे तुमचा हक्काचा कागद. ईमेल पाठवलंत तरी शिक्क्याची प्रत घ्याच. पोहोच आहे म्हटल्यावर समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव.

पाचवी पायरी : संयुक्त पाहणी

पत्रात मागायची ती हीच गोष्ट. सगळ्या खात्यांची माणसं एकाच वेळी, एकाच जागी, पायी. वेळ सूर्यास्तानंतरचीच मागा. सकाळी अकराची वेळ देतात, नम्रपणे नाकारा. अंधाराची पाहणी उजेडात होत नाही.

आमच्या पहिल्या पाहणीला सात जणांना बोलावलं होतं, चार आले. बीट अंमलदार, पालिकेचे विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता, उद्यान विभागाचे एक पर्यवेक्षक आणि वाहतूक शाखेचे एक हवालदार. आमच्याकडून सहा जण, त्यात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. झाडाखाली आल्यावर काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मी इथे उभी होते. ते तिकडून आले." कोणी काहीच बोललं नाही. मग अभियंत्यांनी वर पाहिलं, पर्यवेक्षकांनी वर पाहिलं, आणि दोघं एकमेकांशी बोलायला लागले. फांद्या कुठपर्यंत छाटता येतील, तेवढ्याने भागेल का, की दिव्याचा हात खाली घेऊन पानांच्या खाली बसवायचा? एकाच पालिकेतली ही दोन माणसं त्या खांबाबद्दल एकमेकांशी कधी बोललीच नव्हती. दहा मिनिटांत उत्तर निघालं : दोन्ही करायचं.

इथे एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात स्वतः कोयता घेऊन फांद्या तोडू नका. 1975 च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो.

पाहणी संपल्यावर चहाला पांगू नका. तिथेच, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून, अर्ध्या पानाचं टिपण लिहा : कोण, काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत. मोठ्याने वाचून दाखवा. सह्या मिळाल्या तर उत्तम. कनिष्ठ अधिकारी सही करायला कचरतात, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. त्याच रात्री ते टिपण सगळ्यांना ईमेलने पाठवा आणि लिहा, "आज ठरलेलं खालीलप्रमाणे, काही चुकलं असल्यास कळवावं." पंधरा दिवसांनी एक फोन, महिन्याने त्याच वेळी त्याच जागी दुसरी फेरी.

आमच्याकडे फांद्या तिसऱ्या आठवड्यात छाटल्या. दिवा खाली आला. बेवारस वाहनांवर वाहतूक पोलिसांनी मालकांचा शोध घेऊन नोटिसा चिकटवल्या आणि पालिकेच्या गाडीने ती उचलली. हेही एकट्या कोणाचं काम नव्हे, मालक शोधणार पोलीस आणि गाडी पालिकेची. तो कोपरा बीट मार्शलच्या, म्हणजे मोटारसायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या, रात्रीच्या थांब्यांत आला. भूखंडावरचं रान निघायला चार महिने लागले, सबवेच्या दिव्यांना आठ. त्या आठ महिन्यांत दर महिन्याला एक स्मरणपत्र गेलं, जुना आवक क्रमांक वर लिहून. दुसऱ्या पाहणीला मात्र न बोलावता एक जण जास्त आले. पहिल्यांदा जे आले नव्हते, त्यांच्यातलेच.

एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. एक कोपरा उजळला की चोर पुढच्या सेक्टरला सरकू शकतो. मोटारसायकलला दिघ्याहून विटाव्यात, म्हणजे ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत, शिरायला किंवा ऐरोली पुलावरून मुंबईत जायला काही मिनिटं पुरतात. म्हणून शेजारच्या चार सोसायट्यांना आधीपासून बरोबर घ्या आणि नकाशा सगळ्यांचा मिळून करा.

घरातलं काम : कॅमेरा, वॉचमन, भाडेकरू

दुसऱ्यांकडे मागण्याआधी आपलं घर नीट असावं. कॅमेऱ्यावर बहुतेक सोसायट्या लाखभर रुपये घालतात आणि घड्याळ लावायला विसरतात. पोलीस फुटेज मागायला आले आणि पडद्यावरची वेळ चाळीस मिनिटं पुढे निघाली, तर दुसऱ्या इमारतीच्या फुटेजशी ती जुळवताना जीव जातो. दर महिन्याच्या एक तारखेला वेळ तपासा. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते तपासा, हार्डडिस्क भरली की जुनं पुसलं जातं. गेटवरचा एक कॅमेरा असा लावा की गाडीचा नंबर वाचता येईल, पण समोरच्या इमारतीच्या खिडक्या त्यात येता कामा नयेत. फुटेज पुराव्यात दाखल व्हायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, ते कसं द्यायचं हे तपास अधिकाऱ्यांकडून आधीच समजून घ्या.

वॉचमन एजन्सीचा असेल तर एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा यंत्रणा कायद्याखालचा परवाना आहे का, माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे करार करतानाच पाहा. मग त्या माणसाला बसायला खुर्ची, वापरायला शौचालय आणि रात्री झोप येऊ नये एवढ्या माणुसकीच्या तासांची पाळी द्या. सलग चोवीस तास उभ्या केलेल्या माणसाकडून पहाटे तीनला जागरूकतेची अपेक्षा ठेवू नये.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचे आदेश आयुक्तालय काढतं. घरमालकाने ती माहिती राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर किंवा ठाण्यात द्यावी. पण माहिती देणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. या निमित्ताने "अमुक धर्माचे नकोत, एकट्या मुली नकोत" असे फतवे काढणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. त्याने सुरक्षा वाढत नाही, माणसं दुखावतात आणि दुखावलेला शेजारी काही पाहिलं तरी सांगायला येत नाही.

रस्त्यावरची माणसं

ज्यांना आपण "बाहेरचे" म्हणतो ती माणसं दिवसभर बाहेरच असतात, म्हणून त्यांना सगळं दिसतं. रिक्षा स्टँडवरचे चालक, पहाटेचे सफाई कामगार, दूध-पेपर टाकणारी पोरं, कणसं भाजणारी बाई. आमच्या त्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसायची, कारवाईत उठली आणि पदपथ मोकळा झाला. संध्याकाळी तिथे मग कोणीच नसायचं. मी अतिक्रमणाचं समर्थन करत नाही, पण फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, पथविक्रेता समितीची तरतूद आहे. कुठे बसले तर रस्ता अडणार नाही आणि कोपरा जागताही राहील, हे तिथे मांडता येतं.

गावठाणालाही सोबत घ्या. घणसोली, करावे, कोपरखैरणे या आगरी-कोळी गावांत माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, अनोळखी माणूस तिथे अर्ध्या तासात कळतो. टॉवरमधल्यांनी गावाकडे पाठ फिरवून बैठका घेतल्या तर निम्मी माहिती बैठकीबाहेरच राहते. गावातल्या जाणत्या मंडळींना, विशेषतः मासळी विकणाऱ्या मावशींना, पहिल्या बैठकीपासून बोलवा आणि बैठक एकदा तरी देवळाच्या ओट्यावर ठेवा.

शाळेजवळच्या टपरीचं काम असंच अनेकांचं. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. राज्यात 2012 पासून गुटखाबंदीचे आदेश आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, सोबत पालिका, पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांना प्रती. अमली पदार्थांचा संशय असेल तर स्वतः शोध घेत फिरू नका, 1933 या मानस हेल्पलाइनवर कळवा. व्यसनात अडकलेल्या मुलाच्या आईला 14446 हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर द्या, तिला पोलिसाआधी समुपदेशक हवा असतो.

एकटे ज्येष्ठ, मुलं, आणि फोनवरचे चोर

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांनुसार पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची असते आणि त्यांना भेटी द्यायच्या असतात. तुमच्या इमारतीतल्या अशा आजी-आजोबांची नावं त्यांच्या संमतीने ठाण्यात द्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. मुलांसाठी 1098, शिवाय प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांचं नाव नोटीस बोर्डावर लावा.

ऑनलाइन फसवणुकीत पहिल्या तासाला सोन्याचं मोल. 1930 ताबडतोब लावा, पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त. व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणणारा कोणीही असो, अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. लिफ्टमध्ये एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावलंत तरी पुष्कळ.

जे कधीही करायचं नाही

संशयिताचा फोटो व्हॉट्सॲप गटात फिरवायचा नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकरी माणसांना ठार मारलं. ते भटक्या समाजातले होते, निरपराध होते. अशा अफवा त्या वेळी मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. आपल्या गटात "सावधान, टोळी आली आहे" असा निरोप आला की तो पुढे ढकलण्याआधी ठाण्यात विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गट बंद ठेवा.

चोर हाती सापडलाच तर? गंभीर, अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत झाला असेल तर नागरिकाला त्याला धरता येतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. पण विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. खांबाला बांधायचं नाही, मारायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. वॉचमनलाही हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर उद्या कोठडीत तो गरीब जाईल आणि त्याला चिथावणारे आपण घरी असू.

अधिकारी बदलले की नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून नकाशा, पोहोच, पाहणीची टिपणं सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल तुमच्या घरी नको, सोसायटीच्या कार्यालयात ठेवा. नवे वरिष्ठ निरीक्षक रुजू झाले की आठवड्याभरात तिच्या झेरॉक्स घेऊन भेटायला जा. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर तो चारशे पावलांचा रस्ता आहे. लाल गोल तीन होते, आता एक उरला आहे : सबवेच्या नाल्याकडच्या तोंडाशी पावसाळ्यात पाणी साचतं आणि लोक वळसा घालून रानातून जातात. त्याची पाहणी पुढच्या महिन्यात आहे, सात वाजता, पावसात.